लहान मुलांची भूल व श्वासाची वाट

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या एका स्नेह्यांच्या चार वर्षांच्या नातवाच्या टॉन्सिलांची शस्त्रक्रिया करावयाची ठरली. शस्त्रक्रिया लहान, शस्त्रवैद्य कसलेले, रुग्णालय परिचयाचें. तरी घरांत सर्वांच्या जिवाला घोर लागून राहिला होता. "कापण्याचें मला कांहीं वाटत नाहीं हो, भूल देतात तिचीच धास्ती वाटते," असें मुलाची आजी पुनःपुन्हा म्हणे. आदल्या दिवशीं भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई मुलाला पाहावयास आल्या, तेव्हां आम्हीही तेथें होतों. मुलाचें वजन, पूर्वींचे आजार, सर्दीपडसें वगैरे सारें विचारून झाल्यावर त्यांनीं विचारलें, "आजी, हा रात्रीं घोरतो का?" आजी हंसून म्हणाल्या, "अहो, घोरतो म्हणजे काय! अगदीं आपल्या आजोबांच्या वरताण!" आम्ही सर्व हंसलों, डॉक्टरीणबाई मात्र हंसल्या नाहींत. "घोरतां घोरतां आवाज मध्येंच थांबतो का? श्वास अडकून दचकून जागा होतो का?" असें त्यांनीं पुढें विचारलें. तेव्हां आजींचा चेहरा उतरला. "होतें खरें तसें. मग मीच त्याला कुशीवर वळवतें," असें त्या हळूच म्हणाल्या. मुलाच्या आईबापांस ही गोष्ट ठाऊकच नव्हती. कारण मूल झोंपे तें आजीजवळ.

त्यानंतर मुलाला सोनोग्राफीच्या खोलींत नेलें. आईच्या मांडीवर बसवून, मान किंचित् वर करावयास लावून, गळ्यावर थोडी गार जेली लावली आणि साबणाच्या वडीएवढें एक उपकरण हनुवटीपासून गळ्याच्या खळगीपर्यंत हळूहळू फिरविलें. पडद्यावर करड्या सांवल्या हालूं लागल्या. "पोटाची सोनोग्राफी आम्हांस ठाऊक आहे, गळ्याची ती कशासाठीं?" असें मुलाच्या वडिलांनीं विचारलें. "याच्या श्वासाची वाट आजच पाहून ठेवतें, म्हणजे उद्यां आयत्या वेळीं चांचपडावें लागणार नाहीं," एवढेंच उत्तर मिळालें. त्या उत्तरामागें काय आहे तें समजून घ्यावें असें आम्हांस वाटलें. पुढें याविषयीं जें वाचलें व जाणत्यांस विचारून घेतलें, तें आज वाचकांपुढें ठेवीत आहों. ज्यांच्या घरीं लहान मूल आहे त्यांना तें केव्हांना केव्हां उपयोगीं पडेल.

भुलीचें भय आजचें नाहीं. १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं अमेरिकेंतील बोस्टन शहरीं मॉर्टन या दंतवैद्यानें ईथरची वाफ हुंगवून रोग्यास बेशुद्ध केलें व शस्त्रवैद्यकाचें नवें युग सुरू झालें. पुढच्याच वर्षीं एडिंबरो येथील सिम्प्सन यांनीं क्लोरोफॉर्म प्रचारांत आणलें. त्याला तीन महिनेही पुरते लोटले नव्हते, तोंच २८ जानेवारी १८४८ रोजीं इंग्लंडांत न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी, पायाच्या बोटाचें नख काढण्याकरितां क्लोरोफॉर्म दिलें असतां, पाहतां पाहतां दगावली. तिला शुद्धीवर आणण्यासाठीं तोंडांत पाणी व ब्रँडी घातली होती. तिनें श्वास कोंडून ती गेली असावी, असें सिम्प्सन यांचें म्हणणें. खरें कारण कोणतें याविषयीं वैद्यांचें एकमत झालें नाहीं. परंतु बेशुद्ध मनुष्याचा श्वास कोंडणें ही केवढी भयंकर गोष्ट आहे, याची जाणीव त्या वादांतून सर्वांस झाली.

आजचीं भुलीचीं औषधें त्या काळच्या औषधांहून पुष्कळच निर्धोक आहेत. रोग्याच्या रक्तांत प्राणवायु किती आहे हें बोटाला लावलेला चिमटा क्षणोक्षणीं सांगत असतो. तरी मूळ अडचण गेलेली नाहीं. भूल चढली कीं गळ्याचे स्नायु सैल पडतात, जीभ मागें सरते, व ठसका लागून घसा आपोआप मोकळा होण्याची जी निसर्गानें योजना केली आहे ती बंद पडते. म्हणून पुष्कळ शस्त्रक्रियांत भूलतज्ञ तोंडावाटें एक दिवा असलेलें पातें घालतात, जीभ बाजूला सारतात, स्वरयंत्रावरचें पानासारखें झांकण उचलून धरतात आणि दोन स्वरतंतूंच्या मधून श्वासनलिकेंत एक मऊ नळी सरकवितात. त्या नळीवाटें मग यंत्र श्वास पुरवितें. बहुतेकांत हें काम अर्ध्या मिनिटांत उरकतें. पण कांहीं रोग्यांत स्वरतंतु दिसतच नाहींत, किंवा दिसूनही नळी आंत जात नाहीं. आणि ही अडचण कोणांत येणार हें आधीं कळणें हाच येथें कळीचा प्रश्न आहे.

लहान मुलांत हा प्रश्न अधिक बिकट होतो. मूल म्हणजे मोठ्या माणसाची लहान प्रत नव्हे. तान्ह्या बाळाचें डोकें शरीराच्या मानानें मोठें असतें, त्यामुळें उताणें निजविलें कीं मान पुढें दुमडते. त्याची जीभ तोंडाच्या मानानें मोठी, स्वरयंत्र मोठ्यांपेक्षां वरच्या अंगास, आणि त्यावरील झांकण लांबट व लुळें असतें. स्वरयंत्राच्या खालीं अंगठीच्या आकाराचें कूर्चेचें एक कडें आहे. तें चोहोंकडून बंद असल्यामुळें तेथें सूज आली तर तिला बाहेरच्या बाजूस पसरावयास जागा नसते.

या सुजेचें गणित वाचकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. ८ मिलिमीटर व्यासाच्या वाटेंत आंतून सर्व बाजूंनीं १ मिलिमीटर सूज आली तर व्यास ६ मिलिमीटर उरतो आणि संथ वाहणाऱ्या हवेला होणारा विरोध सुमारें तिप्पट होतो. हीच १ मिलिमीटर सूज ४ मिलिमीटर व्यासाच्या वाटेंत आली तर व्यास निम्मा होतो. परंतु विरोध दुप्पट होत नाहीं, तो सोळापट होतो! त्यांतच, तान्ह्या मुलाला वजनाच्या मानानें मोठ्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट प्राणवायु लागतो आणि फुप्फुसांत त्याचा सांठा थोडा असतो. श्वास थांबल्यावर धडधाकट मोठा मनुष्य, आधीं पुरेसा प्राणवायु दिलेला असल्यास, कांहीं मिनिटें तग धरतो. तान्हें मूल तितका अवधि देत नाहीं.

सुदैवानें निरोगी मुलांत अशी अडचण क्वचित् येते. पण जितकें मूल लहान तितकी ती अधिक. युरोपांतील अनेक रुग्णालयांनीं मिळून अगदीं तान्ह्या बालकांच्या भुलीची केलेली पाहणी २०२१ सालीं प्रसिद्ध झाली. तींत नळी घालतांना शेंकडा सुमारें ६ वेळां अडचण आल्याचें आढळलें. अमेरिकेंतील १३ बालरुग्णालयांनीं अशा १०१८ कठीण प्रसंगांची नोंद ठेवून २०१६ सालीं ती प्रसिद्ध केली. त्यांपैकीं सुमारें एक पंचमांश प्रसंगांत मुलाला कांहीं ना कांहीं अपाय झाला, आणि दोहोंहून अधिक वेळां प्रयत्न करावा लागला त्या प्रसंगांत अपायाचें प्रमाण वाढलें. याचा अर्थ उघड आहे. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नानें कोंवळा घसा सुजतो व पुढचा प्रयत्न अधिक कठीण होतो. म्हणून पहिलाच प्रयत्न पुऱ्या तयारीनिशीं व्हावयास हवा. आणि तयारी व्हावयाची तर अडचणीची चाहूल आधीं लागली पाहिजे.

ही चाहूल घेण्याच्या जुन्या रीति आहेत, व त्या आजही चालू आहेत. मूळचे आंध्रांतील भूलतज्ञ मल्लमपति यांनीं १९८५ सालीं बोस्टन येथून एक सोपी परीक्षा प्रसिद्ध केली. रोग्यानें बसून तोंड पुरतें उघडावें, जीभ बाहेर काढावी. पडजीभ व मागची कमान किती दिसते यावरून अंदाज बांधावयाचा. हनुवटीपासून कंठमण्यापर्यंतचें अंतर मोजणें, मान कितपत मागें वळते हें पाहणें, याही रीति आहेत. पण या सर्वांत रोग्यानें सांगितलेलें ऐकलें पाहिजे. तीन वर्षांच्या मुलाला अनोळखी माणसानें "आ कर" म्हटल्याबरोबर तें ओंठ गच्च मिटून आईच्या पदराआड तोंड लपवितें, हें आपण नित्य पाहतों. रडणाऱ्या मुलाचा घसा दिसतो खरा, पण त्यावरून माप घेतां येत नाहीं. क्ष-किरणांच्या व चुंबकीय चित्रणाच्या मोठ्या यंत्रांसाठीं मूल निश्चल पडून राहावें लागतें, व त्यासाठीं पुष्कळदां त्याला गुंगीच द्यावी लागते. म्हणजे जिची तयारी करावयाची तीच गोष्ट आधीं करावी लागावी असा प्रकार! सोनोग्राफीचा उपयोग होतो तो येथें.

सोनोग्राफी म्हणजे ध्वनीनें पाहणें. सेकंदास २०,००० हून अधिक कंपनांचा ध्वनि माणसाच्या कानास ऐकूं येत नाहीं. गळ्याच्या तपासणींत त्याहून कित्येक पटींनीं अधिक, म्हणजे सेकंदास सुमारें एक कोटि कंपनांचा ध्वनि वापरतात. १८८० सालीं पॅरिस येथें प्येर व झाक क्यूरी या बंधूंनीं कांहीं स्फटिकांवर दाब दिला असतां वीज उत्पन्न होते असें दाखविलें. पहिल्या महायुद्धांत लांजव्हें या फ्रेंच शास्त्रज्ञानें त्याच गुणाचा उपयोग पाण्याखालच्या पाणबुड्या शोधण्याकडे केला. पुढें १९५८ सालीं ग्लासगो येथील इयन डोनाल्ड व त्यांचे सहकारी यांनीं पोटांतील गांठी व गर्भ यांचीं ध्वनिचित्रें प्रसिद्ध केलीं, आणि तेथून हें साधन वैद्यांच्या नित्याच्या व्यवहारांत आलें. उपकरणांतील स्फटिक ध्वनि सोडतो, निरनिराळ्या थरांवर आपटून तो परततो, व परतण्यास लागलेल्या वेळावरून प्रत्येक थर किती खोल आहे याचें चित्र उमटतें. यांत क्ष-किरण नाहींत, सुई नाहीं, वेदना नाहीं. मुलाच्या कूर्चा कोंवळ्या असल्यानें व सर्व अवयव कातडीच्या जवळ असल्यानें कित्येक बाबतींत त्याचा गळा मोठ्या माणसाच्या गळ्यापेक्षां या यंत्राला चांगला दिसतो.

मग भूलतज्ञ त्यांत काय पाहतात? पहिली गोष्ट अंतरांची. कातडीपासून स्वरयंत्राच्या झांकणापर्यंत मांसाचा थर किती जाड आहे, जीभ किती जाड आहे, आणि हनुवटी व जिभेच्या मुळाशीं असलेलें नालाच्या आकाराचें हाड यांत अंतर किती आहे, हीं मापें घेतात. थर जाड, जीभ मोठी व अंतर थोडें असेल, तर पातें घालून स्वरतंतु दिसणें कठीण जाईल अशी शंका येते. मोठ्या माणसांत या मापांचा अभ्यास बराच झाला आहे. मुलांत तो त्या मानानें अलीकडचा आहे. दुसरी गोष्ट स्वरतंतूंची. ते दोन्ही बाजूंस सारखे हालतात कीं एक लुळा पडला आहे, हें मूल श्वास घेत असतांनाच दिसूं शकतें.

तिसरी गोष्ट नळीच्या मापाची. आजवर वयावरून हिशेब करीत आले आहेत: वयाच्या वर्षांस चारांनीं भागावें व त्यांत ४ मिळवावे, म्हणजे नळीचा आंतील व्यास मिलिमीटरांत येतो. चार वर्षांच्या मुलास या हिशेबानें ५ मिलिमीटरची नळी; नळीला फुगा असेल तर अर्धा मिलिमीटर कमी. पण एकाच वयाच्या दोन मुलांच्या पायांत एक जोडा बसत नाहीं, तसेंच हेंही आहे. नळी मोठी झाली तर आंतून घांसून सूज येते व नळी काढल्यावर मूल घोगरें खोंकूं लागतें. लहान झाली तर बाजूनें हवा सुटते. जपानी भूलतज्ञांनीं २०१० सालीं असें दाखविलें कीं, कूर्चेच्या कड्यापाशीं सोनोग्राफीनें मोजलेल्या रुंदीवरून योग्य नळीचा जो अंदाज येतो तो वय किंवा उंची यांवरून केलेल्या अंदाजापेक्षां अधिक बरोबर ठरतो. हें माप नळीच्या बाहेरील व्यासाशीं जुळवावयाचें असतें. सोनोग्राफीचा मुलांच्या बाबतींतला हा उपयोग विशेष भरंवशाचा दिसतो.

परंतु या यंत्राविषयीं भलता विश्वास वाचकांच्या मनांत उत्पन्न होऊं नये. ध्वनि हवेंतून पलीकडे जात नाहीं. हवा लागली कीं तो जवळजवळ सगळाच उलट फिरतो. श्वासाची वाट तर हवेनेंच भरलेली! म्हणून तिची पुढची भिंत दिसते, मागची दिसत नाहीं. जबडा किती उघडेल, मान किती वळेल, हें यंत्र पुरतें सांगत नाहीं. मूल रडलें, त्यानें आवंढा गिळला, किंवा पाहणाऱ्यानें उपकरण थोडें अधिक दाबलें तरी माप बदलतें. एका वर्षाच्या मुलाचा आकडा सहा वर्षांच्या मुलाला लागू पडत नाहीं, आणि कोणत्या वयास कोणता आकडा धोक्याचा याविषयीं सर्वमान्य कोष्टक अजून बनलेलें नाहीं. यंत्रानें इशारा दिला म्हणजे अडचण येतेच असें नाहीं. आणि तें गप्प राहिलें म्हणून भूलतज्ञांस निर्धास्त होतां येत नाहीं. सोनोग्राफी हा पुष्कळ साक्षीदारांपैकीं एक साक्षीदार आहे. निवाडा भूलतज्ञांनींच करावयाचा असतो.

इशारा मिळाला तर त्याचा लाभ मात्र मोठा आहे. टोंकाला कॅमेरा असलेलें पातें हाताशीं ठेवतात. वाकणारी दुर्बीण व घशांत बसणारा रबरी मुखवटा काढून ठेवतात. मुलाचा स्वतःचा श्वास चालू राहील अशा बेतानें वायूची भूल देतात. दुसऱ्या अनुभवी भूलतज्ञांस व कानघशाच्या शस्त्रवैद्यांस जवळ उभे करतात. आणि आपल्या रुग्णालयांत ही सारी सोय नसेल, तर मुलाला मोठ्या रुग्णालयांत पाठविण्याचा निर्णय एक दिवस आधीं, शांतपणें घेतां येतो.

येथें कोणी विचारील कीं, एवढें उपयोगी यंत्र प्रत्येक भूलतज्ञाच्या पिशवींत कां नसावें? लहान गांवांत भूलतज्ञ एकाच दिवशीं तीनचार रुग्णालयांत जातात. आपलीं औषधें व नळ्या बरोबर नेतात. सोनोग्राफीचें हातांत मावणारें यंत्रही आतां मिळतें. पण तें असें फिरवितां येत नाहीं. गर्भांत मुलगी आहे असें समजून ती नाहींशी करण्याचें पाप आपल्या समाजांत इतकें बोकाळलें कीं महाराष्ट्रानें १९८८ सालीं व सर्व देशासाठीं संसदेनें १९९४ सालीं त्याविरुद्ध कायदा केला. या यंत्राची सरकारांत नोंदणी व्हावी लागते, तें सामान्यतः नोंदलेल्या जागींच वापरावें लागतें आणि वापरणाऱ्याचीही नोंद लागते. या कायद्याबद्दल आम्ही कुरकुर करणार नाहीं. शिकल्यासवरल्या घरांनींही ज्या गोष्टीची लाज बाळगली नाहीं, तिच्यासाठीं तो करावा लागला. पण एका पिढीनें मुलींच्या जिवावर उठून जें साधन कलंकित केलें, त्याच्या वापरावर त्यामुळें पडलेलें बंधन आज सर्वच मुलांना सोसावें लागतें, हें आपण विसरूं नये.

यंत्र असो वा नसो, भूलतज्ञांचा पहिला साक्षीदार घरांतच असतो. मूल घोरतें का, झोंपेंत श्वास थांबतो का, तोंडानें श्वास घेतें का. जन्मल्यावर त्याला यंत्राच्या श्वासावर ठेवलें होतें का. पूर्वीं भूल दिली तेव्हां त्रास झाला होता का. गेल्या दोनतीन आठवड्यांत सर्दी, खोंकला, ताप होता का. एखादा दांत हालतो आहे का. हें सर्व न विचारतां सांगावें. घोरणें म्हणजे गाढ झोंपेचें लक्षण, ही आपल्याकडील समजूत मुलांच्या बाबतींत तरी सोडून द्यावी. पूर्वींच्या शस्त्रक्रियेचे कागद जपून ठेवावे. नळी घालण्यास त्रास झाला असल्यास तसें लिहून मागावें. आणि उपाशी ठेवण्याविषयीं डॉक्टरांनीं जी वेळ सांगितली असेल ती काटेकोर पाळावी. "लेंकरूं कळवळतें आहे, घोटभर दुधानें काय होतें?" असें म्हणून गुपचूप दूध पाजणारी माया भुलीच्या वेळीं मुलाच्या जिवावर बेतूं शकते, कारण पोटांतलें दूध उलटून श्वासाच्या वाटेंत जातें. तसें चुकून झालेंच असेल, तर रागें भरतील म्हणून लपवूं नये.

आमच्या स्नेह्यांच्या नातवाचें पुढें काय झालें, असें वाचक विचारतील. वयाच्या हिशेबानें येणाऱ्या नळीपेक्षां अर्धा मिलिमीटर लहान नळी डॉक्टरीणबाईंनीं आधींच काढून ठेवली, व तीच नीट बसली. कॅमेऱ्याचें पातें जवळ होतें. तें लागलें नाहीं. आजींनीं सांगितलेल्या हकिगतीमुळें मुलाला त्या रात्रीं घरीं न पाठवितां देखरेखीखालीं ठेवलें. दुसऱ्या दिवशीं तें गार आइस्क्रीम मागूं लागलें. आठ दिवसांनीं आम्ही भेटावयास गेलों, तेव्हां आजी म्हणाल्या, "आतां रात्रीं याचा आवाजच येत नाहीं. दोनदां उठून नाकाशीं बोट धरून पाहिलें मीं!" त्या बोटाची योग्यता आम्ही कोणत्याही यंत्राहून कमी मानीत नाहीं. मात्र त्याला जें कळतें तें भूलतज्ञांच्या कानावर वेळेवर घालावें, एवढीच आमची घरोघरच्या आज्यांस व आयांस विनंति आहे.